देवाला सगळं ठाऊक आहे, मग रोज प्रार्थना कशाला?

वाचकाचं पत्र

"सलाम. मी धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. वय 44. घर कडबी चौकाजवळ, मेट्रोने जाणं-येणं. घरी नवरा, सासूबाई आणि एक मुलगा. महिन्यातून आठवडाभर तरी नाइट लागते. माझे बाबा दोन वर्षांपूर्वी कॅन्सरने गेले. त्यांच्यासाठी आम्ही प्रार्थना केल्या, उपवास धरले, मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, दर रविवारी त्यांचं नाव घेतलं जायचं. ते गेले आणि माझी प्रार्थना हळूहळू बंद पडली. राग म्हणावा तर तोही नाही. गुडघे टेकले की डोक्यात वॉर्ड सुरू होतो, नाहीतर झोप लागते. सासूबाई पहाटे तासभर प्रार्थनेला बसतात. मी नाइट करून आले की म्हणतात, 'काहून वं, आज पण तशीच झोपून राहिली का?' मागच्या महिन्यात आमच्याकडे कॉटेज प्रेअर, म्हणजे घरातली प्रार्थनासभा, होती. मुलगा मेडिकलच्या 'नीट' प्रवेशपरीक्षेत दुसऱ्यांदा राहिला हे सगळ्यांना माहीत होतं. एक बाई सर्वांसमोर म्हणाल्या, 'आईच गुडघ्यावर नसेल तर लेकराचं कसं व्हायचं?' तेव्हापासून मंडळीत जायची लाज वाटते. आपण मागण्याआधीच देवाला ठाऊक असतं असं बायबलच सांगतं. मग रोज प्रार्थना केलीच पाहिजे का? नाही केली तर नेमकं काय बिघडतं?"

– एक परिचारिका, नागपूर

प्रिय ताई,

सलाम. तुमचा शेवटचा प्रश्न मोठा आहे आणि त्याला मी बगल देणार नाही. पण त्याआधी कॉटेज प्रेअरमधलं ते वाक्य तुमच्या मनातून काढायला हवं. ते तिथे रुतून बसलं आहे तोवर तुम्ही गुडघे टेकलेच तर धाकाने टेकाल, आणि धाकाची प्रार्थना फार दिवस टिकत नाही.

आई गुडघ्यावर नाही म्हणून मुलगा राहिला, हा हिशेब येशूने स्वतः मोडून काढला आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांध माणसाबद्दल विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानेही नाही आणि आईबापांनीही नाही. बायबलमधला ईयोब निर्दोष असून सगळं गमावतो; त्याचे मित्र तर अध्यायामागून अध्याय हाच हिशेब मांडत बसतात, की एवढं सोसावं लागतंय म्हणजे तुझंच काहीतरी चुकलं असणार. शेवटी देवाचा राग होतो तो त्या मित्रांवर, आणि ज्याला त्यांनी दोष दिला त्याच ईयोबाला त्यांच्यासाठी प्रार्थना करावी लागते. व्यवहारानेही बघा. नीटला देशभरातून 20 लाखांहून जास्त मुलं बसतात, आणि एमबीबीएसच्या जागा सरकारी-खासगी मिळून सव्वा लाखाच्या आसपास आहेत. बाकीच्या सगळ्या मुलांच्या आया प्रार्थनेत कमी पडल्या, असं कोणी म्हणेल का? तुमच्या मुलाला कदाचित फिजिक्स अवघड गेलं असेल, कदाचित त्याला डॉक्टर व्हायचंच नसेल. ते त्याच्याशी बोलून कळेल. त्याचं खापर तुमच्या गुडघ्यांवर फोडायचं कारण नाही.

त्या बाई वाईट मनाने बोलल्या असतील असं मी धरून चालत नाही. पण दहा-पंधरा माणसं एका घरात जमतात, कोणी गीत धरतं, कोणी वचन वाचतं, ती बैठक एकमेकांचं ओझं उचलण्यासाठी असते. तिथे एका आईच्या डोक्यावर आणखी ओझं ठेवलं गेलं, आणि तेही तिच्याच घरात. हे पाळकांच्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या पास्टरांच्या, कानावर नक्की घाला. त्या बाईंचं नाव सांगितलं नाहीत तरी चालेल. असं बोलणं कॉटेज प्रेअरमध्ये होऊ नये, एवढं त्यांना कळायला हवं.

आता तुमचा प्रश्न.

आपण मागण्याआधीच पित्याला आपली गरज ठाऊक असते, हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायाचं आठवं वचन. ते वाचून तिथेच थांबू नका, पुढचं नववं वाचा. लागलीच तिथे येशू "हे आमच्या स्वर्गातील पित्या" ही प्रार्थना शिकवायला सुरुवात करतो. म्हणजे देव सगळं जाणतो हे येशूने प्रार्थनेतून सुटका म्हणून सांगितलेलं नाही. त्याच्या भरवशावर प्रार्थना करा, असं सांगितलं आहे. त्याला पटवत बसायचं नाही, शब्द लांबवायचे नाहीत. त्याआधीच्या सातव्या वचनात तो व्यर्थ बडबड करू नका असंच बजावतो. बारा तास उभं राहून आलेल्या बाईला याहून मोठी मोकळीक कोणती हवी? ज्याला आधीच सगळं ठाऊक आहे त्याच्यासमोर बसल्यावर सुरुवात कुठून करू, काय सांगू, असं होत नाही. "बाबा, थकले" एवढं म्हटलं तरी ती प्रार्थना झाली.

ही वचनं येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातली. याच प्रवचनाने कवी नारायण वामन टिळकांना धरून ठेवलं होतं. 1893 मध्ये ते आपल्या नागपूरहून राजनांदगावला निघाले असताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना बायबल दिलं. वाचता वाचता ते या प्रवचनापाशी आले आणि मग त्यांना पुस्तक खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे याच टिळकांनी आपल्याला मराठी भजनं दिली. ही भजनं आपल्या आज्यांना तोंडपाठ असायची. भाकरी थापताना, दळण निवडताना त्या म्हणत असायच्या. त्यांची प्रार्थना त्या कामातच चालायची. स्वतःचे शब्द सुचत नाहीत तेव्हा असं एखादं भजन गुणगुणणं ही कमी दर्जाची प्रार्थना नाही, हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा उपयोग होईल.

नाही केली तर काय बिघडतं? देव रुसत नाही. घरावर संकट पाठवत नाही. मुलाचे गुण कापत नाही. तरीही बिघडतं, आणि बरंच बिघडतं. रोजची प्रार्थना सुटली की देवाची ओळख ऐकीव होत जाते. रविवारी पाळक त्याच्याबद्दल सांगतात, ते आपण ऐकतो; सासूबाई त्याच्याशी बोलतात, ते आपण बघतो; आपलं मात्र त्याच्याशी बोलणं होत नाही. बाप्तिस्म्याचा दाखला कपाटात असतो, नाताळला गॅलरीत तारा लागतो, आडनाव ख्रिस्ती राहतं, आणि सोमवारी सकाळी वॉर्डात आपण एकट्याच उभ्या असतो. तुम्ही लिहिलंत, राग म्हणावा तर तोही नाही. तुमच्या पत्रातलं हे वाक्य मला सर्वांत जास्त लागलं. राग असता तर त्याच्याशी भांडण तरी झालं असतं.

आणि रोजच का, तर येशूने आपल्याला मागायलाच शिकवली ती एका दिवसाची भाकर. "आमची रोजची भाकर आज आम्हास दे." रानात इस्राएलांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळायचा तोही त्या दिवसापुरता, उद्यासाठी झाकून ठेवला की त्यात किडे पडायचे, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या पवित्र दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. रविवारच्या एका भक्तीवर सबंध आठवडा काढायचा आपला जो बेत असतो, तो म्हणूनच तडीस जात नाही. परमुलखात राजाच्या दरबारी असलेला दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. राजाने मनाई केली तेव्हा त्याने नवीन काही सुरू केलं नाही, रोजच्यासारखीच खिडकी उघडी ठेवून तो प्रार्थनेला बसला. सवय आधीपासून होती म्हणून त्याला सिंहांच्या गुहेत टाकलं त्या दिवशी ती कामी आली. अगदी आरंभीच्या मंडळ्यांसाठी लिहिलेल्या 'डिडाखे' या शिकवणुकीतही हीच प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी असं सांगितलं आहे. म्हणजे तेव्हापासूनच आपल्या लोकांनी दिवसाला प्रार्थनेच्या खुंट्या मारून ठेवल्या आहेत.

तुम्ही नर्स आहात, म्हणून मार्काचा पहिला अध्याय तुम्ही माझ्यापेक्षा नीट वाचाल असं मला वाटतं. शब्बाथाचा दिवस, गाव कफर्णहूम. सकाळी सभास्थानात शिक्षण, तिथेच अशुद्ध आत्मा लागलेला एक माणूस ओरडायला लागतो, त्याला बरं करणं. तिथून शिमोनाच्या घरी, तर त्याची सासू तापाने पडलेली. येशू तिचा हात धरून तिला उठवतो. सूर्य मावळतो, शब्बाथ संपतो, आणि गावातले सगळे आजारी त्या घराच्या दाराशी आणले जातात. सबंध गाव दारात लोटलं होतं, असं मार्क लिहितो. धंतोलीत संध्याकाळी ओपीडी भरलेली असताना बाहेरच्या बाकांवर काय चित्र असतं ते तुम्ही रोज बघता. त्या घराचं दार तसं डोळ्यांसमोर आणा. किती रात्र झाली असेल? आणि त्यानंतरचं वचन असं, की अगदी पहाटे, अंधार असतानाच, तो उठून एकांतात गेला आणि प्रार्थना करू लागला.

इथे बहुतेक उपदेशक थांबतात आणि म्हणतात, बघा, येशूसुद्धा पहाटे उठायचा, मग तुम्हाला काय झालं? तेवढ्यावर थांबू नये. पुढे शिमोन त्याला शोधत येतो आणि सांगतो, सगळे तुम्हाला शोधत आहेत. म्हणजे दारात पुन्हा रांग आहे. आणि येशू परत त्या दाराकडे जात नाही! तो म्हणतो, आपण आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ, मी त्यासाठीच निघालो आहे. गर्दी त्याला एकीकडे ओढत होती; त्याला जायचं होतं दुसरीकडे, आणि ते कुठे हे त्या पहाटेच्या एकांतानंतर त्याच्या तोंडी आलं. ज्याच्या दाराशी आजारी माणसं संपतच नाहीत, त्याला आपल्या वाट्याचं काम कोणतं हे कळावं लागतं, नाहीतर तो त्या दारातच संपून जातो. तुमच्या पेशात अशा किती जणी आतून विझलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. प्रार्थना हे तुमच्या कामावर चढवलेलं आणखी एक काम आहे असं तुम्हाला वाटतंय. येशूच्या त्या दिवसात तर तिच्यामुळेच पुढचं काम ठरलं. आणि ती पहाट होती म्हणून पहाटच पवित्र, असंही नाही. लूक सांगतो, एकदा तो डोंगरावर रात्रभर प्रार्थनेत होता. कधी पहाट, कधी रात्र. मग नाइटवरच्या बाईने पहाट हुकली म्हणून का झुरावं?

झोपेबद्दल तर मनाला मुळीच लावून घेऊ नका. गेथशेमाने बागेत शिष्य झोपले ते का, हे लूकच लिहून ठेवतो, की ते दुःखाने झोपी गेले होते. तुमच्यासारखंच. येशूने त्यांना जागं केलं, प्रार्थना करा म्हणाला, पण आत्मा उत्सुक असला तरी देह अशक्त आहे, हेही तोच बोलला. नाइट करून आलेल्या शरीराला आधी झोप द्यायची. चौथ्या स्तोत्राचं शेवटचं वचन अंथरुणावर पडून म्हणा, त्यात स्वस्थपणे पडून लगेच झोपी जाण्याचीच गोष्ट आहे, आणि ते म्हणता म्हणता डोळा लागला तर लागू द्या.

पण ताई, तुमची प्रार्थना झोपेमुळे बंद पडली, असं मला वाटत नाही. ती बाबांमुळे बंद पडली.

तुम्ही मागितलं आणि ते मिळालं नाही. यावर मला तुम्हाला कसलाही तयार जबाब द्यायचा नाही. 'देवाची इच्छा', 'त्याने आपल्या जवळ बोलावून घेतलं' ही वाक्यं तुम्ही तेराव्या दिवसाच्या आतच भरपूर ऐकली असतील. मी एवढंच दाखवू शकते की मागून न मिळालेल्यांच्या रांगेत तुमच्यापुढे कोण उभं आहे. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे, असं उत्तर मिळालं. आणि गेथशेमानेत खुद्द पुत्राने मागितलं, की हा प्याला माझ्यावरून टळून जावो. मत्तय सांगतो, तिसऱ्यांदाही त्याने पुन्हा तेच शब्द म्हटले. त्याला दुसरे शब्द सुचले नाहीत. प्याला टळला नाही. येशूची प्रार्थना कमी पडली, असं म्हणायला आपल्यापैकी कोणाची जीभ रेटेल का? मग तुमची कमी पडली म्हणून बाबा गेले, हे आतल्या आत तुम्ही स्वतःला कशाला ऐकवताय?

बाबांबद्दल देवाशी बोला. चांगलं बोलायची गरज नाही. स्तोत्र 13 काढा, फक्त सहा वचनं आहेत, आणि पहिल्याच वचनात तो कवी देवाला विचारतो, कोठवर? मला कायमचा विसरशील काय? स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, त्याच्या शेवटी आशेची एक ओळही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, मंडळीने ते काढून टाकलेलं नाही. म्हणजे देवासमोर असंही बोलायला परवानगी आहे. एखाद्या दुपारी घरात कोणी नसताना कूलर लावा, दार लोटा आणि हे स्तोत्र मोठ्याने वाचा. रडू आलं तर येऊ द्या. गेल्या दोन वर्षांत तुम्ही नीट रडल्या आहात की नाही, मला शंका आहे. आणि रडू थांबतच नसेल, झोप उडाली असेल, कामात हात कापत असेल, तर डॉक्टरांना दाखवा किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला 14416 वर फोन करा. रुग्णाला औषधही देतो आणि त्याच्यासाठी प्रार्थनाही करतो, हे तुम्ही रोज करता. स्वतःच्या बाबतीत दोन्ही करायला हरकत कसली?

एक गोष्ट सांगाविशी वाटते, बाबांच्या जाण्याला ती उत्तर नाही हे आधीच कबूल करून. आपण सर्व एक व्हावं, ही येशूची शेवटच्या रात्रीची प्रार्थना योहानाच्या सतराव्या अध्यायात आहे. उत्तर भारतातल्या वेगवेगळ्या मंडळ्या एक व्हाव्यात म्हणून 1929 मध्ये बोलणी सुरू झाली, आणि सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं ते 29 नोव्हेंबर 1970 रोजी, आपल्या सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये. मध्ये 41 वर्षं गेली. ज्यांनी सुरुवातीला त्यासाठी हात जोडले असतील त्यांच्यातले कितीतरी जण तो दिवस बघायला राहिले नसणार. सदरवरून जाताना मला नेहमी त्यांची आठवण येते. त्यांनी ज्याच्याकडे मागितलं, तो मात्र त्या दिवशी तिथे होता.

आता रोजचं कसं बसवायचं ते बघू. घड्याळाला बांधून घेऊ नका, तुमची ड्यूटी दर आठवड्याला फिरते. प्रार्थना ड्यूटीलाच बांधा.

साबणाने हात नीट धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात, हे तुम्हीच नव्या मुलींना शिकवत असाल. प्रभूची प्रार्थना मनातल्या मनात तेवढ्यात होते. प्रत्येक वेळी नको, दिवसातून तीनदा धरा: ड्यूटीवर चढताना, मध्ये एकदा, आणि उतरताना. ज्या बेडवरून आलात किंवा ज्या बेडकडे निघालात त्याचं एक वाक्य जोडा. "चार नंबरच्या आजींची भीती कमी कर." बस. बायबलमधल्या नहेम्याने राजाच्या चाकरीत असताना असंच केलं होतं. राजाने विचारलं, तुला काय हवं, आणि प्रश्न व उत्तर यांच्या मधल्या क्षणात त्याने स्वर्गातल्या देवाची प्रार्थना केली. राजाला कळलंसुद्धा नसेल. औषधाचा डोस काढताना मात्र लक्ष फक्त डोसवर ठेवा, त्या वेळी तीच तुमची सेवा आहे.

जाताना मेट्रोत कडबी चौक ते काँग्रेस नगर एवढा वेळ मिळतो. फोन पर्समध्ये ठेवा आणि एक लहान स्तोत्र वाचा. नाइटला निघालात तर 134 वं, तीनच वचनं आहेत आणि ती रात्रीच्या वेळी परमेश्वराच्या घरात उभे राहणाऱ्या सेवकांसाठी आहेत. किंवा 121 वं, ज्यात इस्राएलाचा रक्षक झोपत नाही की डुलकीही घेत नाही. पहाटे तीन-साडेतीनला वॉर्ड शांत झाला की हे वचन तुमच्या इतकं दुसऱ्या कोणाला कळणार?

आणि घरी आल्यावर, निजण्याआधी, हँडओव्हर. ड्यूटी संपली की तुम्ही पुढच्या सिस्टरला एकेक पेशंट सांगता, कोणाचं सलाईन चालू आहे, कोणाचा ताप चढतोय, आणि मग निघता. पेशंट बरा झालेला नसतो, तरी तो आता तिच्या ताब्यात असतो. तसंच देवाला सांगा. मुलगा, सासूबाई, नवरा, चार नंबरच्या आजी, बाबांची आठवण. एकेक नाव घ्या, काय चाललंय ते सांगा आणि त्याच्या हाती देऊन झोपा. वॉर्ड डोक्यात येतो म्हणून तुम्ही हैराण होता. येऊ द्या, जो बेड डोळ्यांसमोर आला त्याचंच नाव घ्या. भरकटणारं मन अशा वेळी स्वतःच यादी आणून देतं.

सासूबाईंशी बरोबरी करू नका. त्यांच्या दिवसात तो तास आहे, तुमच्या नाही. पण त्यांचा तास वाया घालवू नका. ड्यूटीला निघताना एवढंच म्हणा, "आई, आज माझी नाइट आहे, उद्या पहाटे माझं नाव घ्या." टोमणे मारणाऱ्या माणसाला आपली गरज आहे असं कळलं की पुष्कळदा टोमणे आपोआप कमी होतात. सुटीच्या दिवशी त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसा. डोळे मिटून नुसत्या बसलात तरी चालेल. नवऱ्याबद्दल तुम्ही फार लिहिलं नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही. फक्त ही सगळी योजना त्यांना सांगा. बाबांच्या वेळी त्यांनीही प्रार्थना केली होती, त्यांच्याही मनात काही अडकलेलं असू शकतं.

मुलाबद्दल एक कळकळीची विनंती. रात्री जेवायला बसताना सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणा, पण त्याच्यासमोर त्याच्याबद्दल लांबलचक प्रार्थना करू नका. "प्रभू, या लेकराला सुबुद्धी दे, मोबाईलपासून दूर ठेव, अभ्यासात मन लागू दे" ही प्रार्थना देवाला उद्देशून असते खरी, पण ऐकवलेली असते मुलाला, आणि मुलांना ते बरोबर कळतं. आपल्या कितीतरी मुलांची प्रार्थनेवरची श्रद्धा अशा जेवणाच्या टेबलांवर उडाली आहे. त्याच्यासाठी एकांतात मागा, आणि त्याच्याशी जे बोलायचं ते डोळे उघडे ठेवून बोला. तिसऱ्यांदा नीट द्यायची आहे का, की बी.एस्सी. नर्सिंग, फार्मसी किंवा अगदी वेगळंच काही करायचं आहे, हे त्याला विचारा आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐका.

शेवटचं, मंडळीत जाण्याबद्दल. येत्या रविवारी सुटी असेल तर जा, नवऱ्याला बरोबर घ्या आणि तुमच्या नेहमीच्या जागेवर बसा. त्या बाई भेटल्या तर सलाम करा. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" ही ओळ म्हणताना त्यांचा चेहरा समोर येईल आणि पहिले काही दिवस ती ओळ घशात अडकेल. अडकली तरी म्हणत राहा, त्यांना माफ करणं एका रविवारी जमलं नाही म्हणून प्रार्थना सोडू नका. पुढच्या महिन्याचं रोस्टर लागायच्या आधी इन्चार्ज सिस्टरला सांगून प्रभुभोजनाचा (कम्युनियनचा) रविवार मागून घ्या. तो नाहीच मिळाला तर शनिवारी पाळकांना फोन करा, माझी ड्यूटी आहे, उद्या मंडळीच्या प्रार्थनेत माझ्या वॉर्डाचं नाव घ्या, असं त्यांना सांगा.